ग्लास नको, आकडा दाखवा!

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात दिलेलं भाषण)



आज पाण्यावर बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, पाण्यावर काय बोलायचं? नळाला आलं की भरायचं. तिथंच आपण फसतो.

एका पावसाळ्यात आमच्या वस्तीत घरोघरी जुलाब लागले. आम्ही पोरं पाणीखात्याच्या कचेरीत घुसलो. साहेबानं एक ग्लास भरून उजेडाला धरला. म्हणाला, "बघा, काचेसारखं पाणी आहे. तुमच्याच लोकांना स्वच्छतेची सवय नाय." आम्ही परत आलो. आमच्याकडं शिव्या होत्या, आकडा नव्हता. ती लाज अजून गेली नाही, म्हणून बोलतो आहे.

पाण्यात मातीचे, शेवाळाचे, मैल्याचे बारीक कण तरंगत असतात. उजेडाची तिरीप आत सोडली की ती कणांवर आपटून बाजूला विखुरते. किती विखुरली ते यंत्र मोजतं. हा गढूळपणाचा आकडा, त्याचं माप एनटीयू. आपल्या डोळ्याला साधारण ४ एनटीयूच्या वर गेल्याशिवाय काही कळत नाही. आणि २०१२ सालचं भारतीय मानक १०५०० काय म्हणतं? पिण्याचं पाणी १ च्या आत हवं, दुसरी सोयच नसेल तर ५ पर्यंत चालेल. म्हणजे १ आणि ३ यांतला फरक साहेबाचा ग्लास सांगूच शकत नाही. डोळा हा उशिरा येणारा साक्षीदार आहे.

गढूळपणा म्हणजे रोग नव्हे. पण रोगजंतू कणांच्या आडोशाला लपतात आणि क्लोरिन त्या घाणीवरच खर्ची पडतं. शिवाय, गाळून निघालेल्या पाण्याचा आकडा एकाएकी चढला तर समजायचं, गाळणी नीट काम करत नाही. माती सुटली, तिच्यामागून जंतूही सुटले असतील.

हे कुठं घडलं? अमेरिकेत, मिशिगन सरोवराच्या काठच्या मिलवॉकी शहरात. १९९३ च्या मार्चअखेरीस तिथल्या दक्षिणेकडच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा आकडा चढत चढत १.७ वर गेला. ग्लासात धरलं असतं तर तेही काचेसारखंच! त्या वेळचा कायदाही मोडला नव्हता. पण त्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जीव होता. तो क्लोरिनला भीक घालत नाही, त्याला गाळणीतच अडवावं लागतं. आरोग्यखातं जागं झालं ५ एप्रिलला, तेही दवाखान्यातले कर्मचारी, मास्तर आणि पोरं जुलाबानं घरी बसली तेव्हा. ७ तारखेला 'पाणी उकळून प्या' म्हणून हुकूम निघाला, ९ ला केंद्र बंद झालं. अंदाजे ४ लाख ३ हजार माणसं आजारी पडली. पुढच्या दोनेक वर्षांत ५४ मृत्यूंशी या रोगाचा संबंध लागला, त्यांतले बहुतेक एड्सचे रुग्ण. पाणी सगळ्यांना सारखं आलं, मरण सारखं वाटलं गेलं नाही. आधीच खंगलेला माणूस पहिला गेला.

मग १९९८ मध्ये तिथं नियम कडक झाला. प्रत्येक गाळणीचा आकडा सतत मोजायचा, दर १५ मिनिटांनी नोंदवायचा. महिन्याच्या १०० पैकी ९५ नमुने ०.३ च्या आत हवेत.

आता आपल्याकडं या. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. तेव्हा सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं! त्या दिवशी काठावर हे यंत्र असतं तर त्यानं शुद्ध कशाला म्हटलं असतं? यंत्राला जात दिसत नाही, शेण दिसतं. म्हणून हे यंत्र आपल्या बाजूचं आहे. फक्त ते आपल्या नळापर्यंत आलं पाहिजे.

कारण केंद्रावरचा आकडा हा वस्तीचा आकडा नव्हे. आपल्याकडं पाणी तासभर येतं, मग पाइप रिकामा. दाब गेला की गटारातून गेलेल्या पाइपाच्या फटीतून घाण आत शिरते, आणि पहिल्या धारेला तीच आपल्या हंड्यात पडते.

म्हणून मागण्या तीन. केंद्रातल्या प्रत्येक गाळणीचा आकडा द्या, महिन्याची सरासरी नको, सरासरीत वाईट दिवस दडपला जातो. वस्तीच्या शेवटच्या नळावर, पाणी आल्याआल्या, गढूळपणा आणि क्लोरिन दोन्ही मोजा. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं हवं. आणि आकडा चढला की त्याच दिवशी वस्तीत भोंगा फिरवा. देत नसतील तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे, अर्ज टाका.

तोवर घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवा, निवळू द्या, वरचं पाणी गाळून घ्या, खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर तसंच उकळू द्या. पण ही मलमपट्टी झाली. गॅस आपल्या खिशातला जातो, सुटका साहेबाची होते.

उद्यापासून एक वही घाला. तारीख, वेळ, नळ, पाण्याचा रंग, कुणाकुणाच्या घरी जुलाब. पुढच्या वेळी साहेबानं ग्लास उचलला की ती वही त्याच्या टेबलावर आपटा आणि म्हणा, ग्लास खाली ठेवा साहेब, आकडा दाखवा!

जय भीम!