सातव्या प्रवाशासाठी



हेलसिंकीत २०१२ ते २०१५ या काळात कुत्सुप्लस नावाची मिनीबस सेवा होती. तिला ठरलेला मार्ग नव्हता की वेळापत्रक. कुठून कुठे जायचे ते प्रवाशाने मोबाइलवर कळवायचे. एकाच दिशेच्या लोकांना एका गाडीत बसवून संगणक मार्ग आखायचा. गाड्या जेमतेम पंधरा. मार्ग आखण्याचे गणित जमले होते, तरी सेवा बंद पडली. दर प्रवासामागे मोठे अनुदान लागे. गाड्या खूप वाढल्या असत्या तरच ती परवडली असती, आणि तेवढा पैसा नव्हता.

अशा खर्चात चालकाच्या पगाराचा वाटा मोठा असतो, म्हणून स्वयंचलित गाड्यांकडे सगळे आशेने पाहताहेत. मलाही आशा आहे. पण गाडी कोणी का चालवेना, वळसा घेतला की आत बसलेल्यांचा वेळ जातोच. सहा जण बसलेत आणि सातव्यासाठी गाडी चार मिनिटे आडवाटेला गेली, तर सहाजणांची मिळून चोवीस मिनिटे गेली. सातवा धडधाकट असेल तर त्याने नाक्यापर्यंत चालत यावे. गुडघे धरलेली आजी असेल तर गाडी दारात जायलाच हवी. आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हा निर्णय तुम्ही घ्यायचा आहे, कारण संगणक फक्त सांगितलेला आकडा कमी करतो. सरासरी प्रतीक्षा कमी करायला सांगाल, तर वस्तीच्या टोकाची विनंती नाकारणे हा त्याला सर्वांत सोपा उपाय सापडेल. तेव्हा नाकारलेल्या विनंत्याही मोजा, आणि त्या कोणत्या वस्तीतून आल्या ते नकाशावर पाहा.

एकाच दिशेच्या लोकांना एका गाडीत बसवण्याचे काम आपल्याकडे वडाप आणि शेअर रिक्षा वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. भरल्याशिवाय गाडी निघत नाही म्हणून भाडे परवडते, आणि म्हणूनच भर दुपारी फाट्यावर एकटी बाई ताटकळते.

स्वयंचलित गाडीतही माणसाचे काम उरतेच. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स या लहानशा, बर्फाळ गावात २०२२ मध्ये गोमार्टी ही स्वयंचलित सेवा सुरू झाली. पाच व्हॅन, त्यांतल्या तीन व्हीलचेअर चढवता येईल अशा. स्मार्टफोन नसलेल्यांना साधा फोन करून गाडी बोलावता येई. गाडीत सुरक्षेसाठी एक माणूसही बसे. व्हीलचेअर आत घेऊन पट्ट्यांनी बांधणे सेन्सरला जमत नाही. उद्या हा माणूस उतरवला, तर ते काम कोण करणार? त्याचे उत्तर मार्ग आखतानाच लिहून ठेवावे लागेल.

तुमच्यातले काही महापालिकांत जातील, काही गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांत. कमाल वळसा किती, कमाल प्रतीक्षा किती, प्रत्येक वस्तीतून किती जणांना नकार मिळाला, या अटी निविदेत घाला. आणि गच्च भरून धावणारी मोठी बस काढून तिच्या जागी या लहान गाड्या आणायचा प्रस्ताव टेबलावर आला, तर त्याला ठाम विरोध करा. या गाड्यांची गरज आज बसच पोचत नाही अशा विरळ वस्त्यांत आहे.