उकाड्यातला लाल गुलाब
(मंडळीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पावसाळ्याच्या तोंडावर पाड्यांवरच्या घरांना लाल गुलाबाची रोपे द्यावीत, असा विचार आपल्यापैकी काहींनी मांडला आहे. जव्हार-विक्रमगडकडे मोगऱ्याने कितीतरी घरांत चार पैसे आणले, मग गुलाबाने का आणू नयेत, हे विचारणेही रास्त आहे. मी वसईत बरीच वर्षे गुलाब लावते, म्हणून मला बोलायला सांगितले. रोप देणे सोपे आहे. ते तिथे जगणे अवघड आहे. तेवढेच आज सांगते.

पहिली गोष्ट, कोणता गुलाब? फुलवाल्याकडचा लांब दांड्याचा लाल गुलाब नाकाशी धरून पाहा. बहुधा वास येत नाही. तो दूरच्या प्रवासासाठी आणि फुलदाणीत टिकण्यासाठी निवडलेला असतो, आणि पुष्कळदा हरितगृहात वाढलेला असतो. पाड्यावर हरितगृह कुठले?

गडद लाल आणि सुवासिक म्हणून 'पापा मेलाँ', 'ओक्लाहोमा' आणि 'मिस्टर लिंकन' ही नावे तुम्ही ऐकली असतील. पहिला 1963 चा, बाकीचे दोन 1964 चे. तिन्ही 'क्रायस्लर इंपीरियल' आणि 'चार्ल्स मालेराँ' या एकाच जोडीची लेकरे. वास अप्रतिम, पण लाड फार. ते आपल्या अंगणात शोभतात. पाड्यासाठी मी 'ग्रुस आन टेप्लिट्झ' सुचवीन. हा 1897 सालचा गुलाब. फूल लहान, मान खाली घातलेले, पण रंग रक्तासारखा आणि वास भरपूर. त्याच्या पूर्वजांत चिनी आणि टी गुलाब आहेत, म्हणून त्याला उकाडा सोसतो आणि तो पुन्हा पुन्हा फुलतो. गुच्छाला तो उपयोगी नाही. हाराला, सुट्या फुलांना मात्र उत्तम.

दुसरी गोष्ट, वास. गुलाबाचा वास पाकळ्यांतल्या उडून जाणाऱ्या तेलाचा असतो. ऊन चढले की तो उडतो आणि गडद पाकळ्यांच्या कडा करपतात. म्हणून फूल उजाडताच, दव सुकण्याआधी खुडायचे. झाडाला सकाळचे पाच-सहा तास ऊन हवे आणि दुपारनंतर पश्चिमेकडून थोडी सावली. शेवग्याची विरळ सावली चालते, आंब्याची दाट सावली चालत नाही.

तिसरी गोष्ट, पाऊस. गुलाबाला पाणी आवडते, पण पाण्यात उभे राहणे आवडत नाही. म्हणून वीतभर उंच गादीवाफा करायचा, त्यात कुजलेले शेणखत आणि निंबोळी पेंड घालायची. डोळा भरलेला जोड मातीच्या वर ठेवायचा आणि त्याच्या खालून आलेला फुटवा काढून टाकायचा. पान सात-आठ तास ओले राहिले की काळ्या ठिपक्यांची बुरशी आत शिरते. म्हणून दोन झाडांत तीन फूट तरी अंतर हवे, पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्यायचे, गळलेली पाने वेचून जाळायची. बुंध्याभोवती भाताचा पेंढा पसरला की मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत आणि उन्हाळ्यात ओलही टिकते. रोग दिसलाच तर एक टक्का बोर्डो मिश्रण: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. त्यानंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी फुले लागतात आणि मग रोज पहाटे खुडावी लागतात. पण दिवाळीनंतर पाड्यावर काय होते, तुम्हाला ठाऊक आहे. घराला कुलूप लागते आणि बायका-पोरांसह सगळे वीटभट्टीवर जातात. म्हणजे झाडाला माणूस हवा तेव्हाच घरात माणूस नसतो. अशा घराला दिलेले रोप जानेवारीत वाळलेले दिसेल. त्या बाईने खोदलेला वाफा वाया जाईल, आणि पुढच्या वेळी आपण काही सांगायला गेलो तर ती ऐकणार नाही. मी तिला दोष देणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी. रोपे जूनमध्ये देऊ नयेत; पाऊस ओसरताना, सप्टेंबरच्या अखेरीस द्यावीत. मुसळधार पावसात कोवळी मुळे कुजतात. देण्याआधी घरी बसून तीन प्रश्न विचारावेत: एप्रिलमध्ये पाणी कुठून आणता? दिवाळीनंतर घरी कोण असते? फुले बाजारात कोण नेईल? उत्तरे जुळली तर एका घराला पाच रोपे पुरेत. पहिल्या वर्षी आलेल्या कळ्या खुडून टाकायला सांगावे, म्हणजे झाड अंग धरते. ज्या घरी म्हातारी आजी मागे राहते, तिथून सुरुवात करावी. फुले उरली तर वाया जात नाहीत. फवारणी न केलेल्या पाकळ्या आणि खडीसाखर बरणीत थरावर थर देऊन उन्हात ठेवल्या की गुलकंद होतो.

पाच झाडे दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढून उभी राहिली, तर पंचवीस मागायला ती बाई स्वतः येईल. तोवर आपण थांबावे.