दत्तक या शब्दाचं वजन

(वसंत व्याख्यानमालेतील तिसरं पुष्प)



मी पशुवैद्य आहे. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या प्राण्यांच्या शेल्टरमध्ये लसी टोचायला जाते. मागच्या रविवारी फाटकाशी एक कुटुंब उभं होतं. आई, वडील आणि दहाबारा वर्षांची मुलगी. कुत्रा दत्तक घ्यायला आले होते. मुलीनं मला विचारलं, “नाही जमलं तर परत आणून देता येतो का?” वडील ओशाळले. मला मात्र तिचा प्रश्न आवडला, कारण बरेच जण तो मनात ठेवतात आणि सहा महिन्यांनी आपल्या वागण्यातून विचारतात. आज जे बोलणार आहे, ते त्या मुलीला द्यायचं उत्तर आहे.

‘दत्तक’ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. १८४८ साली साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेलं दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीनं मानलं नाही आणि राज्य खालसा झालं. १८५४ मध्ये झाशीवर तीच पाळी आली. दत्तकाला मान्यता आहे की नाही, या एका प्रश्नावर राज्यं गेली. पुढे १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याच्या कलम १५ नं स्पष्ट केलं, की विधिवत झालेलं दत्तक रद्द करता येत नाही. घेणाऱ्यांना ते मोडता येत नाही आणि दत्तक गेलेल्याला जन्मघरी परतता येत नाही. प्राण्याला हा कायदा लागू नाही, हे मला ठाऊक आहे. कायद्याच्या नजरेत प्राणी ही मालकाची मालमत्ता. पण शेल्टरमधून कुत्रा आणताना आपण ‘विकत घेतला’ म्हणत नाही, ‘दत्तक घेतला’ म्हणतो. शब्द आपणच निवडला आहे. मग त्याचं वजनही आपणच उचललं पाहिजे.

प्राण्यांना आसरा देण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारनं मोकाट कुत्रे मारण्याची मोहीम काढली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान. लोक रस्त्यावर उतरले, फोर्टातले व्यवहार बंद पडले. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानं मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आजही तीच चालवते.

आज शेल्टरमध्ये कोण असतं? रस्त्यावरचा प्रत्येक कुत्रा तिथं नेऊन ठेवायचा नसतो. त्याला पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं, ही आपल्याकडची सर्वसाधारण पद्धत. २००१ च्या नियमांनी ती घालून दिली आणि २०२३ च्या नव्या नियमांनी चालू ठेवली. शेल्टरमध्ये उरतात ते बाहेर जगू न शकणारे. गाडीखाली पाय गेलेला, दृष्टी गेलेला, आईवेगळी झालेली पिल्लं. आणि घरातून बाहेर काढलेले.

हे शेवटचे पाहून जीव तुटतो. २००३ च्या सुमारास टीव्हीवरच्या एका जाहिरातीत मुलामागे चालणारा पग देशाला इतका आवडला, की घरोघरी पग आले. चपट्या नाकाच्या या प्राण्याला उन्हाळ्यात धाप लागते, हे नंतर कळलं. मग हस्कीचं वेड आलं. बर्फातला कुत्रा विदर्भातल्या मे महिन्यात! हौस फिटली की दवाखान्याचा खर्च डोळ्यांवर येतो आणि एके सकाळी शेल्टरच्या फाटकाला दोरीनं बांधलेला कुत्रा सापडतो. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! एवढ्या रकमेत त्याचं एका दिवसाचं पोटसुद्धा भरत नाही.

घरात वाढलेल्या कुत्र्याला वाहनं चुकवता येत नाहीत. कचऱ्यातून अन्न शोधायची त्याला सवय नसते आणि दुसऱ्या टोळीची हद्द त्याला कळत नाही. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानंही रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेण्याची वाट खुली ठेवली, पण तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. न्यायालयाची अट आणि त्या मुलीचा प्रश्न एकाच जागी येऊन भेटतात.

म्हणून निर्णयाआधी काही गोष्टी घरात बसून ठरवा. घरातले सगळे तयार आहेत का? एकाच्या हट्टापायी आणलेला प्राणी लवकर परत येतो. भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी विचारा. सोसायटीला ठराव करून पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळाच्या सूचना सांगतात. पण जिना स्वच्छ ठेवणं आणि बाहेर नेताना पट्टा लावणं हे आपलं काम. कुत्रा दहा-बारा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो. आज पाचवीत असलेली मुलगी कॉलेज संपवेल तेव्हा त्याला म्हातारपण आलेलं असेल, आणि तेव्हा त्याला जिन्यावरून उचलून नेणारं कुणी हवं.

शेल्टरमध्ये गेलात की गोंडस पिल्लाकडेच धावू नका. पिल्लू मोठेपणी कसं होईल, हे सांगता येत नाही. चार वर्षांचा गावठी कुत्रा शांत आहे की हूड, मुलांत रमतो की नाही, हे तिथल्या कामगारांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना विचारा. लसीचं कार्ड आणि नसबंदीची नोंद पाहा. ते ओळखपत्र मागतील, घर पाहायला येतील. राग मानू नका. मुलगी देताना घर पाहतोच ना आपण?

घरी आल्यावर पहिले काही दिवस तो खाणार नाही, पलंगाखाली बसेल. त्याला बसू द्या. पाहुणे बोलावू नका. रुळायला आठवडे लागतात, विश्वास बसायला महिने. दिवाळीच्या तोंडावर तर आणूच नका. फटाक्यांनी बिथरून पळालेला नवा कुत्रा परतीची वाट कशी शोधणार? तो रुळला की रेबीजची लस, जंताचं औषध आणि गोचीड यांकडे वर्षभर लक्ष ठेवा. महापालिकेचा परवाना काढा. नुसत्या दूध-पोळीवर त्याचं पोषण होत नाही, आणि चॉकलेट, द्राक्षं, कांदा त्याला विषासमान.

हे सगळं ज्यांना झेपणार नाही, त्यांनी ‘नाही’ म्हणावं. तेही प्रेमच आहे. जुन्या चादरी द्या, रविवारचे दोन तास द्या, आजारी पिल्लू पंधरा दिवस घरी सांभाळा. एक प्राणी घरी गेला की शेल्टरमध्ये एक जागा मोकळी होते आणि फाटकाबाहेरचा पुढचा प्राणी आत येतो.

शेवटी राणीविषयी सांगते. पिवळसर गावठी कुत्री, वय सहा. दोनदा दत्तक गेली आणि दोन्हीदा कुटुंबाची बदली झाली म्हणून परत आली. तिसऱ्यांदा तिला निवृत्त जोडप्यानं नेलं. महिनाभरानं काकूंचा फोन आला. “डॉक्टर, कपाटावरची बॅग खाली काढली की ही दाराशी जाऊन बसते, थरथरते.” बॅग निघाली की आपणही निघायचं, एवढं ती शिकली होती. मी काकूंना म्हटलं, बॅग रोज खाली काढा, तिच्यासमोर उघडा आणि परत वर ठेवा. काकूंनी ते नेमानं केलं. आठ महिन्यांनी त्या लेकीकडे निघाल्या, काका घरीच थांबणार होते. खोलीभर कपडे पसरले होते, बॅग उघडी होती, आणि राणी त्या बॅगेत घडी घातलेल्या साडीवर झोपली होती.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, “परत आणता येतो, बाळ. शेल्टर त्याला घेतं. पण दाराशी बसायचं कधी सोडायचं, हे त्याला पुन्हा कुणीतरी शिकवावं लागतं.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग वडिलांचा हात धरून म्हणाली, “आपण पुढच्या रविवारी येऊ. आधी आजीला विचारू.”

ती येईल असं मला वाटतं. येण्याआधी ती घरी विचारते आहे, आणि दत्तकाची सुरुवात अशीच व्हायला हवी.