आजचं पान



मी शहाडहून बोलतोय. नोकरी जाऊन पाच महिने झाले होते. एका संध्याकाळी टिटवाळा लोकलमधून शहाडला उतरलो आणि मोबाईलवर मेल आला. तिसऱ्या कंपनीचाही नकार. घराकडे पायच वळेनात. बाकावर बसून राहिलो. आईला काय सांगू? प्रार्थनासुद्धा सुचेना.

त्या रात्री पंडिता रमाबाईंबद्दल वाचलं. दुष्काळात आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. पदरात छोटी मनोरमा. याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, तेही साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. कित्येक वर्षं ते काम चाललं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी त्यांनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं.

मला वाटायचं, विश्वास पक्का असला की रडू येत नाही. आता वाटतं, डोळे पुसत आजचं पान पुरं करणं हाही विश्वासच आहे.

मित्रांनो, मला अजून नोकरी लागलेली नाही. पण आईला सगळं सांगितलं. रोज सकाळी एक प्रार्थना, मग एक अर्ज. एवढंच माझं आजचं पान.

तुमचं कोणतं? आज तेवढंच करा. उद्याचं प्रभूच्या हाती. आमेन.