मैदानाला भिंत नको, झाडं हवीत



मेळाव्याच्या निधीतून मैदानाच्या पश्चिमेला उंच भिंत बांधायची, असं आपल्या ग्रुपवर चाललंय. हेतू चांगलाच आहे. पारनेरच्या माळावरचा वारा तुम्हाला मी काय सांगू? सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या राहिल्या. आषाढात बॅडमिंटनचं फूल जाळीपलीकडे मारलं, तरी आपल्याच डोक्यावर परत यायचं. शंभर मीटर धावताना वारा समोरून आला तर वेळ बिघडते. पाठीमागून सेकंदाला 2 मीटरपेक्षा जास्त असला तर विक्रम धरत नाहीत.

पण भिंतीने वारा थांबत नाही. तो वरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करून खाली आदळतो. सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क हे स्टेडियम 1960 मध्ये सुरू झालं. पुढे ते चारी बाजूंनी बंदिस्त केलं, तरी वारा आत घुमतच राहिला.

झाडांचं वेगळं. पानाफांद्यांतून साधारण निम्मा वारा आरपार गेला की त्याचा जोर मोडतो, भोवरेही कमी होतात. आडोसा उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगला लागतो. आठ मीटरच्या झाडांमागे ऐंशी मीटर. केळीच्या बागेभोवती शेवरी लावणाऱ्या शेतकऱ्याला हे इंजिनिअरिंगची पदवी न घेता कळतं!

रांग मात्र मैदानाच्या दोन्ही टोकांपुढे जायला हवी, कारण टोकाशी वारा वळसा घेऊन जोरात येतो. मधे फाटक नको. फटीतून तो आणखी वेगाने घुसतो. आणि कृपा करून खालच्या फांद्या तोडून बुंध्यांना गेरू-चुना फासू नका. खाली मोकळं राहिलं की वारा नेमका पोरांच्या उंचीवर येतो. मागे कडुनिंब, करंज आणि पुढे दाट अडुळसा लावू. अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत.

खरी अडचण पाण्याची. आपला भाग पर्जन्यछायेचा, पहिले तीन उन्हाळे रोपं जगवावी लागतील. राहुरीच्या कृषी विद्यापीठात सल्ला विचारू. भिंतीचे पैसे ठिबकला, जाळीला आणि मे महिन्यातल्या टँकरला ठेवा. पाण्याची पाळी कोण घेणार, ते आज जेवणाआधीच लिहून काढू. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पुण्याहून येईन, त्या दिवसापुढे माझं नाव घाला.