सिंह आणि गिधाड



भाषेच्या प्राध्यापकाने प्राण्यांविषयी काय सांगावे, असे आपणास वाटेल. परंतु कोणता प्राणी जगावा, याविषयीचा आपला कल पुष्कळदा भाषेनेच घडविलेला असतो.

सिंहासन, सिंहावलोकन, पुरुषसिंह : सिंहाला आपण शब्दाशब्दांत मान दिला. जुन्या बडोदे संस्थानाचा अमरेली प्रांत ज्या गीरच्या अरण्याला भिडला होता, तेथेच आशियाई सिंह शिल्लक राहिला. जुनागढच्या नबाबांनी त्याला अभय दिले. १९६५ मध्ये अभयारण्य झाले. १९६८ च्या गणतीत १७७ सिंह होते, २०२५ च्या गणतीत ८९१. अर्थात सारे सिंह एकाच प्रदेशात असल्याने एखादी साथही घातक ठरू शकते. २०१८ मध्ये त्याची चुणूक दिसली.

गिधाडाची कथा उलटी आहे. पांढऱ्या पाठीची गिधाडे एके काळी इतकी होती, की ती मोजावीत असे फारसे कुणास वाटले नाही. १९९२ ते २००७ या काळात त्यांतील शेकडा ९९ हून अधिक नाहीशी झाली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मृत जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये गुरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. पण वर्षाला एकच अंडे घालणारा हा पक्षी लवकर सावरत नाही. आंतरराष्ट्रीय लाल यादीत सिंह ही जात ‘असुरक्षित’ मानली आहे, तर हे गिधाड ‘अतिसंकटग्रस्त’. म्हणजे विनाशाच्या दोन पायऱ्या अधिक जवळ.

मित्रहो, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावून गाव निर्मळ ठेवणाऱ्या या पक्ष्याचे नाव लोभी माणसासाठी वापरतात, असे मीही वर्षानुवर्षे वर्गात शिकवले. त्याच वर्गात रामायणही शिकवले. सीतेसाठी रावणाशी झुंजून प्राण देणारा जटायू गिधाडच होता, आणि रामाने त्याचे अंत्यसंस्कार पित्यासारखे केले. हे दोन पाठ मी कधी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नाहीत, याची आज खंत वाटते.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शब्द तोलून वापरावा असे सांगत. ज्यांच्या घरी गुरे आहेत, त्यांनी पशुवैद्यांकडे मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना निर्धोक औषध मागावे. आणि शिक्षकांनी ‘गिधाड’ या शब्दाचा अर्थ सांगताना जटायूलाही आठवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.