शेंद्र्याची माती आणि बाटलीतलं टॉनिक

(शेंद्रा येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



परसबाग, गच्ची, कुंडी यांतल्या मातीला काय घालावं आणि काय घालू नये, एवढाच आजचा विषय आहे. समोर दोन प्रकारचे श्रोते दिसतात. काही शेंद्रा, कुंभेफळ, करमाडचे जुने शेतकरी. त्यांच्या कैक पिढ्या काळ्या रानात गेल्या. बाकीचे स्कोडाचा कारखाना 2001 साली सुरू झाल्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत एमआयडीसीत आणि पुढे ऑरिक या औद्योगिक शहरात नोकरीसाठी आलेले, रो-हाउसात राहणारे, अंगणात चार टोमॅटो आणि एक गुलाब असावा अशी हौस असलेले. पहिल्यांना मी फारसं नवीन सांगणार नाही. दुसऱ्यांना मात्र आधी विचारतो: तुमच्या अंगणात माती आहे का?

प्लॉट सपाट करताना वरची हात-दीड हात काळी माती जेसीबी उचलून नेतो. खाली उरतो मुरूम. त्यावर बांधकामाचा राडारोडा पडतो, सिमेंटचं पाणी मुरतं, आणि घर ताब्यात मिळाल्यावर आपण त्यातच जास्वंद लावतो. दोन महिन्यांत जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग मोबाइल उघडतो, व्हिडिओ लागतो, बाटली मागवली जाते.

हे व्हिडिओ कुठून येतात याकडे कुणी लक्ष देत नाही. बोनमील, डोलोमाइट चुना, वटवाघळांचं खत, समुद्रशेवाळ, एप्सम सॉल्ट, कॅल-मॅग, शिवाय फुलोऱ्यासाठी वेगळी बाटली, हा जो सगळा संच आहे त्याला आकार आला तो मोठ्या प्रमाणात अमेरिकेतल्या घरगुती गांजा लावणाऱ्यांमुळे. कॅलिफोर्नियात 1996 साली वैद्यकीय वापराला मतदारांनी मान्यता दिली, कोलोरॅडोत 2012 साली प्रौढांना घरी सहा झाडं लावायची मुभा मिळाली. झाड एक, कुंडी लहान आणि पीक सोन्याच्या भावाचं. असा माणूस बाटलीला कितीही पैसे मोजतो. टोमॅटोवाला एवढे कधीच मोजत नाही! त्यामुळे बाटल्यांचा बाजार तिथे फोफावला, आणि आता त्याच कृती टोमॅटो-गुलाबाच्या नावाने आपल्याकडे येतात.

तरुण मंडळी हसताहेत, म्हणून कायद्याचंही आत्ताच सांगून टाकतो. आपल्याकडे 1985 चा अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, परवान्याशिवाय गांजाचं झाड लावायला मनाई करतो. कलम 20 खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तुरीत, कपाशीत लपवलेली झाडं पोलिसांनी उपटून नेल्याच्या बातम्या मराठवाड्यात नव्या नाहीत. गच्चीवरची कुंडी त्यातून सुटत नाही. धाग्यासाठी आणि बियांसाठी कमी नशेच्या जाती लावायचे परवाने उत्तराखंडाने दिले आहेत, पण तो वेगळा उद्योग आहे. मला आज रस आहे तो त्या कृतींच्या जन्मस्थानात.

त्या कृती जन्मल्या पीटमध्ये. पीट म्हणजे थंड दलदलीत हजारो वर्षं साचलेलं शेवाळ. त्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण साडेतीन ते साडेचार, चांगलाच आम्ल. त्यात चुना घातल्याशिवाय बहुतेक झाडं जगणार नाहीत, म्हणून डोलोमाइट. तिथलं पाणी मृदू असेल किंवा माध्यम कोकोपीट असेल, तर कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडतं, म्हणून कॅल-मॅग. हाडांच्या चुऱ्यातलं स्फुरद आम्ल मातीतच सुटतं, म्हणून बोनमील. प्रत्येक वस्तूला तिथे कारण आहे.

आता आपल्याकडे या. आपण बसलोय दख्खनच्या बेसॉल्टवर. त्यातून झालेल्या काळ्या मातीत कॅल्शियम भरपूर, मॅग्नेशियमही पुरेसं, चुनखडीचे खडे तर नांगराला लागतात. सामू साडेसात ते साडेआठ. बोअरचं पाणी बादलीला पांढरी वळी धरतं आणि गीझरची कॉइल दोन वर्षांत खातं. अहो, आपल्या बोअरचं पाणी हेच कॅल-मॅग! ते विकत आणून वर चुना घालायचा, म्हणजे जे जास्त आहे त्यातच भर घालायची. हाडांचा चुरा इथे वर्षानुवर्षं जसाच्या तसा पडून राहतो, फारतर कुत्री उकरतात. चुलीतली राख आणि कोळशाचा चुराही सामू वाढवणारेच, त्यांच्याबाबतही इथे हात आखडता असलेला बरा. वटवाघळांच्या खताबद्दल तर एवढंच सांगतो की वेरूळला पोतं घेऊन जाऊ नका. पुरातत्त्व खात्याचं राहू द्या, पण त्या धुळीतल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होतो.

मग जास्वंद पिवळी का? लोह नाही म्हणून? मातीत लोह आहे, पण चुनखडीत ते मुळांना मिळत नाही. दुकानदार चिलेटेड लोह देतो, तेव्हा पुडीवर काय लिहिलंय ते वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह सामू सातच्या वर गेला की मातीत फार टिकत नाही. ते फवारणीला ठीक. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं लागतं, आणि ते महाग आहे. स्वस्त उपाय आपल्या विद्यापीठांनी कधीच सांगून ठेवला आहे: हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यायचं. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत पोचवतात.

इथून मी मूळ गोष्टीकडे येतो. आपल्या मातीत खरी तूट आहे ती सेंद्रिय कर्बाची. मराठवाड्यात बऱ्याच रानांत तो अर्धा टक्काही भरत नाही. कारण ऊन. एप्रिल-मेच्या तापमानात कुजलेला पाला झपाट्याने जळून हवेत जातो, आणि जो काडीकचरा परत जायला हवा तो आपणच पेटवतो. फेब्रुवारीत या रस्त्याने रात्री जा, पऱ्हाट्या पेटलेल्या दिसतात.

यावर उत्तर शोधणारी माणसं आपल्याच देशात काम करत होती, हे मला आवर्जून सांगायचंय. इंदूरला, होळकरांच्या राज्यात, अल्बर्ट हॉवर्ड 1924 पासून कपाशीच्या रानात काम करत होते. ज्याला जगभर इंदूर पद्धत म्हणतात ती कंपोस्टची रीत तिथेच बसवली गेली. पऱ्हाट्या, पाला, शेण, गोमूत्र मुरलेली माती, थोडी राख यांचे थर, आणि तीनदा उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत खत. 1931 साली त्यावर पुस्तक आलं, त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाडांचं नाव आज किती जणांनी ऐकलं असेल? हॉवर्डना सेंद्रिय शेतीचा जनक म्हणणारे इंग्रज-अमेरिकन लेखक तर वाडांना हटकून विसरतात.

दुसरं नाव पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका. त्यांची टाकी दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांची, आणि भिंतीत मुद्दाम सोडलेली भोकं. हवा खेळते, म्हणून ढीग उलथावा लागत नाही. थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवता येतो, हे तिचं मर्म. शेण कमी आणि कचरा जास्त अशा आपल्या मुलखाला ती नेमकी लागू पडते. रो-हाउसवाल्यांनी एवढी बांधायची गरज नाही, भोकं पाडलेला जुना ड्रमही हेच काम करतो.

तिसरे श्री. अ. दाभोळकर. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक, प्रयोग परिवार उभा करणारे. त्यांनी गच्चीवरच्या माणसाला शेतकरी मानलं. पालापाचोळा शेण-गोमूत्र-गुळाच्या पाण्यात भिजवायचा, मातीच्या पातळ थरांबरोबर रचायचा, वर नाना तऱ्हेचं बी पेरून ते कोवळं असतानाच कापून पुन्हा त्यातच मिसळायचं. अशा अमृतमातीला चार-पाच महिने लागतात. घाई असलेल्यांना ती मानवत नाही, आणि गच्चीवरच्या लोकांना घाई फार असते.

चौथं नाव तुमच्या ओठांवर आहेच. बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर आणि जीवामृत. इथे मी थोडा मतभेद नोंदवतो. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती, आणि एवढं एका एकराला. यातलं नत्र मोजलं तर सगळं मिळून दोनशे-अडीचशे ग्रॅमच्या पुढे जात नाही. कपाशीच्या एकराला नत्र किलोंच्या हिशेबात लागतं. पाळेकर स्वतःही जीवामृताला खत म्हणत नाहीत, विरजण म्हणतात. तेच मी धरतो. पण विरजण लावायला आधी दूध हवं. मुरमाच्या कुंडीत, जिथे कर्बच नाही, तिथे जीवामृताचे तांबे ओतून काय होणार? कंपोस्ट आधी, जीवामृत मागून.

पेंडींचा मात्र मी चाहता आहे. निंबोळी पेंडीत चार-पाच टक्के नत्र असतं, ते सावकाश सुटतं, आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना ती आवरते. फूटभर कुंडीला दोन मुठी, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. भुईमुगाच्या पेंडीत नत्र जास्त, पण ती उघडी ठेवली की मुंग्या-उंदरांची जत्रा भरते, इथल्या मांगीरबाबाच्या यात्रेला मागे टाकेल अशी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स मिळालं तर कंपोस्टात मिसळून द्या. त्यातल्या ट्रायकोडर्मासारख्या उपयोगी बुरशीलाही खायला कंपोस्टच लागतं.

आता टॉनिक. समुद्रशेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल, अमिनो आम्लं या वस्तू खोट्या नाहीत. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढवलेल्या शेवाळाच्या रसावर भावनगरच्या सरकारी संशोधन संस्थेने चांगलं काम केलं आहे. उन्हाच्या ताणात रोपाला त्याने थोडी मदत होते. पण ते अन्न नव्हे, आणि बाटलीत खरंच शेवाळ आहे का, हा प्रश्न वेगळाच. केंद्राने 2021 साली खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंट हा वर्ग आणला, त्याआधी या मालावर नीट लगाम नव्हता. 2025 साली केंद्रीय कृषिमंत्र्यांनीच सांगितलं की सुमारे तीस हजार उत्पादनं वर्षानुवर्षं तपासणीविना विकली जात होती, आणि कडक छाननीनंतर साडेसहाशेच्या आसपास उरली. बाकीच्या बाटल्यांनी आपल्या किती शेतकऱ्यांचे पैसे पाण्यात घातले, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

सेंद्रिय म्हणून विकलेल्या बाटलीत काय निघू शकतं, त्याचं उदाहरण पुन्हा त्या अमेरिकन बाजारातलं आहे. 2011 च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या कृषी खात्याने फुलोरा वाढवणाऱ्या काही बाटल्यांची विक्री थांबवली. त्यांत पॅक्लोब्युट्राझॉल आणि डॅमिनोझाइड सापडलं होतं, आणि लेबलवर त्यांचा उल्लेख नव्हता. पॅक्लोब्युट्राझॉल म्हणजे आपलं कल्टार. कोकणातला हापूसवाला ते ओळखतो. दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस आहे, झाडाच्या घेराच्या दर मीटर व्यासाला तीन मिली, तेही ठरलेल्या महिन्यांत, मोठ्या झाडाच्या मुळाशी. तो उघड, मोजून केलेला व्यवहार आहे. तेच संजीवक नाव लपवून पाच लिटरच्या कुंडीत, आठवड्याला टोपणभर, आणि त्या कुंडीतली मेथी घरातलं लेकरू खाणार. हे द्रव्य मातीत महिनोन् महिने राहतं. म्हणून चार दिवसांत फुलं लगडतील असं सांगणाऱ्या बाटलीचा मला सगळ्यात जास्त संशय येतो. खऱ्या सेंद्रिय वस्तूला एवढी घाई जमतच नाही.

घ्यायचीच असेल तर बाटलीवर घटक, त्यांचं प्रमाण, उत्पादकाचा पत्ता आणि खत नियंत्रण आदेशाखालची नोंद पाहा, पक्की पावती मागा. पावती द्यायला कुरकुरणाऱ्या दुकानातून उठून या.

आणि त्याआधी एक काम या आठवड्यात करा, कारण पाऊस पडल्यावर चिखलातून नमुना नीट निघत नाही. अंगणात सात-आठ ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या, कडेची माती खरवडा, सगळी एकत्र करून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो पिशवीत भरा. त्यातल्या चमचाभर मातीवर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे, तेव्हा बोनमीलची ऑर्डर रद्द करा. पिशवी गांधेलीच्या किंवा पैठण रोडच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध लोह आणि जस्त एवढं तपासून मागा. खत गेल्या वर्षी कधी घातलं होतं ते चिठ्ठीवर लिहा, आणि ती चिठ्ठी पिशवीच्या आत नको, बाहेर बांधा. आतली ओल लागून पुसली जाते.